ओठांची रांग

गाण्याच्या बाई त्या बुधवारी दुपारी शाळेत परत गेल्या, त्या एका चामड्याच्या वादीसाठी. बुधवारी शाळा अर्धाच दिवस असे. सकाळी तिसरीचा तास चालू असताना पायपेटीच्या भात्याची उजवी वादी तुटली होती आणि उरलेला तास बाईंनी एका पायावर कसाबसा ओढून नेला होता. घरी जेवण उरकून त्यांनी नवऱ्याच्या हत्यारांतलं दाभण उचललं, जाड दोरा घेतला, पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा आहे ना ते चाचपून पाहिलं आणि निघाल्या. वार्षिक कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता, त्यामुळे वादी उद्यावर टाकून चालणार नव्हतं.

बाई म्हणजे गावाचं एक लाडकं प्रकरण होतं. त्या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत त्या एकतीस वर्षं गाणं शिकवत होत्या. रस्त्यात तिशी-चाळिशीतलं कुणी भेटलं की त्यांना आधी त्या माणसाचा सात वर्षांचा आवाज आठवे, मग चेहरा आणि नाव सगळ्यांत शेवटी. बेकरीवाला त्यांच्या लेखी अजून ‘किनरा’च होता, मग त्याचं पोट कितीही सुटू दे. बाईंना ओरडणं जमत नसे. राग आला की त्या पेटीच्या सगळ्या काळ्या पट्ट्या एकदम दाबायच्या, आणि तेवढ्यावर वर्ग चिडीचूप व्हायचा. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही पोरावर हात उगारला नव्हता.

त्यांची एक पद्धत होती. जूनमध्ये नवा वर्ग आला की मुलांना रांगांत उभं करून गायला लावायचं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून कान द्यायचा. ज्याचा सूर लागतो तो पुढे. ज्याचा काही केल्या लागत नाही त्याच्या गालावरून हात फिरवून बाई म्हणायच्या, ‘तू नुसते ओठ हलव हं, बाळा. किती छान दिसतोस.’ आणि त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवायच्या. अशी सहा-सात मुलं दरवर्षी शेवटच्या रांगेत जमत. शाळाभर त्या रांगेला ओठांची रांग म्हणत. मधूनच त्यांतलं एखादं धीर करून विचारायचं, ‘बाई, आता गाऊ?’ मग बाई म्हणायच्या, ‘पुढच्या वर्षी हं.’ पुढच्या वर्षी वर्ग बदलायचा, पुढे शाळाही बदलायची. मुलं खूश होती, गोळी मिळत होती, कार्यक्रम छान होत होते. यात कुणाचं काही वाकडं होतंय असं बाईंच्या कधी स्वप्नातही आलं नाही.

गेल्या थंडीत मात्र बाईंना ताप आला आणि जाताना त्यांचा डावा कान घेऊन गेला. उजव्या कुशीवर झोपलं की जग बंद. ही गोष्ट फक्त नवऱ्याला माहीत होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा, गाव त्याला घड्याळवाले काका म्हणे. काकांनी चौकशीचा एक शब्दही न काढता जेवणाच्या टेबलावरची आपली खुर्ची बाईंच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली होती. पण शाळेत असं कोण करणार? गेल्या वार्षिक कार्यक्रमात अर्धा वर्ग एक सूर खाली घसरला आणि बाई कौतुकाने मान डोलवत राहिल्या. मुलांच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आणि मनाने काही वाईट नव्हत्या. त्यांनी खोलीत बोलावून सांगितलं की यंदाही असं झालं तर पुढच्या वर्षापासून गाण्याच्या तासाला स्पीकरवर तयार गाणी लावू, हल्ली सगळीकडे तसंच करतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती खोली आणि ती पोरं यांच्याशिवाय दोन वर्षं काढायची, हे बाईंना कल्पनेतही जमत नव्हतं.

गाण्याची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला, मोडक्या बाकांच्या कोठीशेजारी होती. बाईंनी दार लोटलं. आत खडूचा, जुन्या लाकडाचा आणि पेटीत उंदीर शिरू नयेत म्हणून टाकलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता. खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं येऊन शेवटच्या रांगेच्या जागेवर पडलं होतं. शाळेत चिटपाखरूही नव्हतं. बाई पदर खोचून जमिनीवर बसल्या, पेटीखाली हात घातला, आणि वादीचं दुसरं टोक हाताला लागेना म्हणून उजवा गाल पेटीच्या लाकडाला घट्ट टेकवला. चांगला कान लाकडाने बुजला. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हाताखाली दाभणही जणू कापसातून जात होतं.

मग डाव्या कानात एक मूल गाऊ लागलं.

गाणं ओळखीचं होतं, बाईंनी स्वतः रचलेलं. दर कार्यक्रम त्याच गाण्यावर संपायचा.

डोंगराच्या पाठीमागे दिवा कोण लावतो,
वाऱ्याला मी विचारलं, वारा नुसता हसतो.

‘हसतो’वर सूर वर चढायचा होता आणि तिथेच सगळी कच्ची मुलं पडायची. हेही मूल पडलं. बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “वर, बाळा, वर...”

आवाज थांबला. क्षणभराने अगदी कानाशी, श्वास लागावा इतक्या जवळून, कुणी तरी विचारलं, “बाई, आता गाऊ?”

‘पुढच्या वर्षी हं’ हे शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आले होते. मग आपण हे कुठल्या कानाने ऐकलं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी झटकन डोकं उचललं. उजव्या कानाला लांबच्या नळाची टपटप तेवढी ऐकू आली. खोलीत कुणी नव्हतं. पण बाई त्या बाईच. वादी शिवूनच उठल्या. टाके मात्र वेडेवाकडे पडले.

दुसऱ्या दिवशी त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. इतके महिने टाळत होत्या, कारण डॉक्टर गावातलाच, त्यांचाच विद्यार्थी, आणि त्याची मुलगी यंदा त्यांच्याच वर्गात होती. बाईंना पाहून तो खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने कान तपासायचा लोखंडी काटा गुडघ्यावर वाजवून दोन्ही कानांशी धरला. उजव्या कानाशी धरल्यावर तो किंचित चढा वाजतोय, अशी बाईंनी तक्रार केली. डाव्या कानाला काहीच ऐकू आलं नाही.

“बाई, नस गेलीय,” डॉक्टर हळूच म्हणाला. “तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आता परत यायचं नाही काही.”

“मग मला त्याच कानात ऐकू येतं ते काय आहे?”

डॉक्टरने समजावून सांगितलं की कान रिकामा बसत नाही. बाहेरून काही आलं नाही की तो आपलंच काहीतरी वाजवत बसतो. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला भुंगा, कुणाला चक्क गाणं. घाबरायचं काही कारण नाही. तो कान प्रश्न विचारतो का, असं बाईंना विचारायचं होतं, पण त्यांनी ते गिळलं. शाळेत कळू देऊ नकोस, एवढंच म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि विषय बदलावा म्हणून हसत म्हणाला, “ठमी यंदा ओठांच्या रांगेत गेली म्हणे. घराण्याचं नाव राखलंन बाकी.”

बाईंना तो आठवला. डावीकडून तिसरा, नाकात बोलणारा.

“तू पण होतास.”

“तीन वर्षं. मला अजून सवय आहे, बाई. कुठंही चार माणसं मिळून गायला लागली की मी आपले नुसते ओठ हलवतो, कुणाला कळत नाही. ठमीला झोपवताना तिची आई गाते, मी पाठ थोपटतो.” बाईंचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, “अहो, राग नाहीये काही. गोळी मिळायची की!”

बाईंनी नकळत पर्समधला डबा काढला आणि एक गोळी त्याच्यापुढे धरली. अडतीस वर्षांच्या त्या डॉक्टरने ती निमूटपणे तोंडात टाकली. जिना उतरताना बाईंना इतकी लाज वाटली की कठडा धरून त्या मधल्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

शुक्रवारी तालीम होती. अडतीस मुलं, त्यांतली सात ओठांच्या रांगेत. बाईंनी पाय हलवायला सुरुवात केली, भात्याने श्वास घेतला, गाणं सुरू झालं. उजव्या कानाला पुढच्या रांगा नीट ऐकू येत होत्या. दुसऱ्या ओळीला बाई पेटी सोडून उठल्या आणि ताल धरत रांगांमधून फिरू लागल्या. शेवटच्या रांगेशी आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

सातही मुलं शहाण्यासारखी नुसते ओठ हलवत होती. आवाज कुणाचाच येत नव्हता, उजवा कान तशी ग्वाही देत होता. पण बाईंच्या मेलेल्या कानात त्या हलणाऱ्या ओठांबरोबर, अगदी शब्दाला शब्द जुळवून, आवाज येत होते. ते या मुलांचे आवाज नव्हते. ठमीचे ओठ हलले आणि त्यांतून नाकातला, घोगरा, बाईंच्या ओळखीचा आवाज आला. ठमीचा बाप सात वर्षांचा असताना असाच गायचा. शेजारच्या चष्मेवाल्या मुलीच्या ओठांतून बेकरीवाल्याचा किनरा आवाज येत होता. पुढे बँकेतली कॅशियर, त्यापुढे दवाखान्यातली नर्स. बाईंनी ज्यांच्या तोंडाशी एकदाच कान नेला होता, ज्यांना एकदाच ऐकून गप्प केलं होतं, त्या सगळ्यांचे ते आवाज होते. न वापरता ठेवून दिलेल्या कपड्यांसारखे, आहेत तसे.

रांगेच्या डाव्या टोकाला, जिथे कुणीच उभं नव्हतं, तिथूनही एक आवाज येत होता. तो ‘हसतो’वर पडला. बुधवारचा आवाज. बाईंना तो ओळखीचा वाटला, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज ओळखूनही चेहरा आठवेना.

बाईंनी हात वर केला. वर्ग थांबला. डाव्या कानातली मुलं थांबली नाहीत. त्यांनी कडवं पुरं केलं आणि मगच गप्प झाली.

“बाई,” ठमी म्हणाली. हे उजव्या कानाला ऐकू आलं, खरंखुरं. “आता आम्ही गाऊ?”

“पुढच्या वर्षी हं,” बाई बोलून गेल्या.

डाव्या कानात त्यानंतर जी शांतता झाली ती साधी नव्हती. खूप मुलांनी एकदम श्वास रोखून धरावा तशी ती होती, आणि कुणीच तो सोडत नव्हतं... बाईंनी वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला.

पुढच्या दहा दिवसांत आवाज वाढत गेले. आता पेटीला हात लावला की ते सुरू होत आणि चांगल्या कानालाही झाकोळून टाकत. समोरची मुलं सुरात आहेत की नाहीत ते बाईंना कळेनासं झालं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. काका डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होते. ऐकता ऐकता त्यांनी भिंग काढून ठेवलं. हे काय खूळ, असं ते म्हणाले नाहीत. तू काय त्यांना गप्प केलंस का, गोळी दिलीस, असं म्हणाले.

“गोळी देऊन गप्प केलं,” बाई म्हणाल्या. “वर्षाला सहा-सात. एकतीस वर्षं. आणि मला वाटत होतं, मी लाड करतेय.” त्यांचे डोळे भरून आले. “अहो, कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून केलं हो मी. आता त्यांना सगळ्यांना गायचंय.”

“मग गाऊ दे.”

“गायले तर गाणं बुडेल. माझी खोली जाईल.”

 काका उठले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

कार्यक्रम दुपारी चारला शाळेच्या सभागृहात होता. सगळं गाव लोटलं होतं. डॉक्टर तिसऱ्या ओळीत बसला होता, बेकरीवाला दाराशी उभा होता, मोठ्या बाई पहिल्या ओळीत हातांची घडी घालून बसल्या होत्या. नाच झाले, नकला झाल्या, आणि शेवटी पडदा उघडून तिसरीचा वर्ग रांगांत उभा राहिला. पायपेटी रंगमंचाच्या कडेला आणून ठेवली होती. बाईंनी पट्ट्यांवर बोटं टेकवली. अजून सूर दाबलाही नव्हता, तोच डाव्या कानात कुजबुज सुरू झाली. एक नाही, दोन नाही, सगळी एकदम विचारत होती.

बाई, आता गाऊ? बाई, आता? बाई... आता?

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग तशाच उठल्या, पेटी सोडून शेवटच्या रांगेपाशी गेल्या आणि ठमीच्या तोंडाशी वाकल्या. ठमीने गोळीसाठी हात पुढे केला. बाईंनी तो हळूच खाली केला.

“आज गा,” त्या म्हणाल्या. “सातही जणं. मोठ्यांदा. चुकलं तरी थांबू नका.”

“ओठ नाही हलवायचे?”

“गायचं, बाळा.”

बाईंनी पेटीशी परत येऊन सूर धरला. पहिल्या ओळीलाच सभागृह दचकलं. सात मुलं, ज्यांनी वर्षभर गाणं नुसतं चघळलं होतं, ती गळा फाडून गाऊ लागली. सूर चार दिशांना चार पळाले. ठमी डोळे मिटून ओरडत होती. पुढच्या रांगेतली हुशार मुलं बिचकून मागे वळून पाहू लागली, कुणीतरी खुदकन हसलं, आणि मोठ्या बाईंनी हातांची घडी सोडली. बाई पाय मारत राहिल्या. गाण्याच्या दुसऱ्या ओळीला समोर बसलेल्या डॉक्टरचे ओठ हलताना त्यांना दिसले. जुनी सवय. मग त्याने आपल्या मुलीकडे पाहिलं आणि त्याच्या गळ्यातून आवाज फुटला, पुरुषी, घोगरा, साफ बेसूर. त्याच क्षणी बाईंच्या डाव्या कानातला नाकातला आवाज थांबला. दिवा मालवावा तसा.

दाराशी बेकरीवाला गायला लागला, आणि किनरा आवाज गेला. कॅशियर रडत रडत गात होती. नर्स, पोस्टातला माणूस, दोन-तीन आया, एक टक्कल पडलेला सुतार... बाईंना प्रत्येकाचा आवाज आधी डाव्या कानात बंद होताना कळायचा आणि मग उजव्या कानात येताना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘हसतो’ला सगळं गाव एकदम वर चढायला गेलं आणि एकदम पडलं. इतकं वाईट गाणं त्या सभागृहात कधी झालं नव्हतं. लोक बराच वेळ टाळ्या वाजवत होते, पण टाळ्यांनी काय होतं?

कार्यक्रम संपल्यावर बाई आपणहून मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि कानाचं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद सारखे करून ठेवले. हे वर्ष तुम्हीच पुरं करा, असं म्हणाल्या. मुलं इतक्या मोठ्यांदा गाताना मी पहिल्यांदाच ऐकली, असंही म्हणाल्या. बाईंनी विचारलं की मग तास राहील ना माझ्याकडे.

“पुढच्या वर्षी बघू हं, बाई,” मोठ्या बाई अगदी मायेने म्हणाल्या.

हे शब्द बाईंनी स्वतः एकतीस वर्षं वापरले होते, त्यामुळे त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही.

घरी आल्या तेव्हा दिवस कलला होता. काका स्वयंपाकघरात चहा करत होते. बाई टेबलाशी बसल्या. डावा कान कित्येक दिवसांनी शांत होता आणि त्या शांततेचंही त्यांना थोडं वाईट वाटत होतं. खोली गेली म्हणून एकदा मनसोक्त रडून घ्यावं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात...

डोंगराच्या पाठीमागे दिवा कोण लावतो.

एकच आवाज उरला होता. रांगेच्या डाव्या टोकाचा.

बाई श्वास रोखून ऐकत राहिल्या, आणि या वेळी चेहरा आला. दोन वेण्या, स्वेटरची चघळलेली बाही. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. एकतीस वर्षांतलं सगळ्यांत पहिलं मूल, ज्याला बाईंनी नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं. ती रोज विचारायची, रोज. बाई रोज म्हणायच्या, पुढच्या वर्षी हं. मग सुट्टी लागली, सुट्टीत गावात तापाची साथ आली, आणि पुढच्या वर्षीच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं. बाकीच्यांना आपापला गळा होता, ते परत गेले. ही कुठे जाणार?

वाऱ्याला मी विचारलं, वारा नुसता... आवाज पडला. थांबला.

“बाई, आता गाऊ?”

बाईंना भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा माया जास्त दाटून आली. त्यांनी रिकाम्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, “गा गं माझ्या राणी. गळा नाही ना तुला? माझा घे.”

काका चहाचे कप घेऊन बाहेर आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. बायको पाठमोरी बसली होती आणि खोलीत एक लहान मुलगी गात होती. काकांचे कान घड्याळांत मुरलेले, एका सेकंदाची चूक त्यांना लांबून कळे. आवाज रस्त्यावरून येत नव्हता, रेडिओवरून येत नव्हता. ते कप न हिंदकळवता वळसा घालून समोर आले. बाई नुसते ओठ हलवत होत्या. अगदी शहाण्या मुलीसारख्या. आवाज त्यांच्या तोंडून येत होता आणि त्यांचा नव्हता. ‘हसतो’ आला. आवाज अडखळला, एक पायरी चढला, आणि लख्ख वर जाऊन टेकला. बाईंच्या गालांवरून पाणी ओघळलं.

“अगं,” काका म्हणाले. कप त्यांनी कधी खाली ठेवले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. “अगं, काहीतरी बोल ना...”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर बाईंचीच होती, ओळखीची, हसरी. त्यांचे ओठ हलले.

“बाई,” लहान मुलीच्या आवाजात शब्द आले, “अजून एकदा?”

काकांनी आपली खुर्ची उचलली, बाईंच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली, आणि त्यांचा हात हातात घेऊन बसले.

सकाळी बाई उठल्या त्या थोड्या घोगऱ्या आवाजात चहा मागतच. शाळेतही गेल्या. वर्षाचे दोन महिने उरले आहेत आणि त्यांच्या वर्गात आता शेवटची रांगच नाही, सगळी पोरं गातात आणि शेजारचे वर्ग खिडक्या लावून घेतात. ठमीचा बाप तिला झोपवताना गातो आणि त्यामुळे ती लवकर झोपत नाही, अशी तिच्या आईची तक्रार आहे. बाईंच्या चेहऱ्यावर टवटवी आली आहे. रोज दिवस कलला की त्या टेबलाशी बसतात, काका डावीकडे बसतात, आणि ती मुलगी गाते. आता तिचा ‘हसतो’ एकदाही पडत नाही. नवीन गाणीसुद्धा शिकली आहे.

एक गोष्ट मात्र बाईंच्या स्वतःच्या ध्यानात आलेली नाही आणि काकांनीही ती बायकोला सांगितलेली नाही. बाईंचा स्वतःचा आवाज सकाळी परत यायला रोज थोडा जास्त वेळ लागतो. पहिल्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी चहा मागितला होता. काका कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वेळ लिहून ठेवतात. काल नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि तोवर बाई स्वयंपाकघरात नेहमीसारख्या वावरत, हसत, काकांशी काहीबाही बोलत होत्या, नुसते ओठ हलवत.